सभ्य रॅपचे चाहते

रॅप हा प्रकार मुळात टाकाऊ नाही, तो केवळ सभ्य माणसांच्या हाती पडावयास हवा, असे एक मत आमच्या सुशिक्षित बांधवांत हल्ली मोठ्या विश्वासाने बोलले जाते. मत नवे वाटते. पण त्याची कूळकथा शोधू गेल्यास ते चांगलेच जुनाट निघते. लावणीविषयी हेच म्हटले गेले, तमाशाविषयी हेच म्हटले गेले, आणि ज्या काळी कादंबरी ही चीज महाराष्ट्रात नवखी होती त्या काळी कादंबरीचीही हीच संभावना झाली. वस्तू बरी, पण ती ज्यांच्याजवळ आहे ते लोक बरे नव्हेत, यास्तव ती त्यांच्याकडून काढून आपल्याकडे आणावी, धुवावी, वाळवावी आणि मग वापरावी, असा या मताचा एकंदर आशय असतो. आजवर ते सांगण्यास पुराव्याची वाण पडत असे. आता पुरावाही सापडला आहे, आणि तो थेट विलायतेहून आला असल्यामुळे त्याच्यापुढे माना तुकवणे आमच्या वर्गास सोपे जाते. त्या पुराव्याचे नाव चॅप-हॉप.

ज्या वाचकांच्या कानी हे नाव पडले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘चॅप’ म्हणजे गडी, भला गृहस्थ. जुन्या वळणाचे इंग्रज जंटलमन एकमेकांस आपुलकीने लावीत ते संबोधन. १९९९ साली लंडनमध्ये ‘द चॅप’ नावाचे एक नियतकालिक निघाले. लोकरी टि्वडचा कोट, तोंडात चिलीम, वर पिळलेल्या मिशा आणि दिसेल त्या बाईमाणसास टोपी उचलून नमस्कार, एवढ्या साधनांनी हल्लीच्या गबाळ्या जगाविरुद्ध बंड पुकारावे, असा त्याचा अर्धा थट्टेचा व अर्धा गंभीर जाहीरनामा. त्या मंडळींच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात छत्र्यांनी द्वंद्वयुद्धे होतात आणि घाम येणार नाही अशी काळजी घेतली जाते. याच हवेत काही वर्षांनी एक गायनप्रकार उगवला. मिस्टर बी, द जंटलमन राइमर हे नाव धारण करणारा एक गृहस्थ गळ्यात बँजोलेले हे चिमुकले तंतुवाद्य अडकवून, शुद्ध दरबारी इंग्रजी उच्चारांत रॅप म्हणू लागला. विषय कोणते, तर क्रिकेट, चिलीम, नीटनेटका पोशाख आणि शिष्टाचार. ब्रायटन शहरचा दुसरा एक कवी, पॉल अल्बरो, डोक्यावर साहेबी शिकारटोपी घालून ‘प्रोफेसर एलिमेंटल’ झाला आणि त्याने चहाच्या पेल्यावर रॅप रचले. पुढे २०१० साली या प्रोफेसराने त्या मिस्टरास उद्देशून ‘फायटिंग ट्राउझर्स’ म्हणजे ‘लढाईची विजार’ या नावाचे आव्हानगीत काढले, आणि ते जगभर पाहिले गेले. न्यू यॉर्कचे व लॉस एंजेलिसचे रॅपर एकमेकांवर गीतांतून जी चिखलफेक करीत तिची ही नक्कल, फक्त येथे चिखलाच्या जागी कपबशी! आमच्याकडच्या कलगीवाल्यांस व तुरेवाल्यांस हा मामला समजावून सांगावा लागला नसता.

प्रकार गमतीचा आहे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. आम्ही तो ऐकला आणि हसलोही. इंग्रजांस भराभर शब्द झाडण्याची हौस पूर्वीपासूनची. १८७९ साली रंगभूमीवर आलेल्या गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या ‘द पायरट्स ऑफ पेन्झन्स’ या संगीतिकेतील मेजर-जनरलचे पद त्याची साक्ष देते. त्या परंपरेशी अमेरिकेच्या काळ्या वस्तीतील लयीची गाठ घालून देण्याची कल्पना ज्याला सुचली तो खचित विनोदी माणूस असला पाहिजे. आमचे भांडण त्याच्याशी नाही. ते आहे त्याच्या महाराष्ट्रीय चाहत्यांशी.

हे चाहते म्हणतात, ‘पहा, रॅप म्हणजे शिवीगाळ, सोन्याच्या साखळ्या आणि उद्दाम हातवारे असे आपण समजत होतो. पण सुसंस्कृत माणसाने तेच हाती घेतल्यावर किती शोभिवंत झाले! शब्द स्वच्छ, उच्चार शुद्ध, विषय निरुपद्रवी. आमच्या पोरांनी हे का करू नये?’ हा युक्तिवाद आम्ही व्याख्यानमालेच्या मंडपात ऐकला आहे, प्राध्यापकांच्या खोलीत ऐकला आहे, लग्नाच्या पंगतीतही ऐकला आहे. आणि प्रत्येक वेळी असे आढळून आले की वक्त्याने चॅप-हॉप ऐकले आहे पण रॅप ऐकलेले नाही. रविकिरण मंडळाची कविता ठाऊक नसताना ‘झेंडूची फुले’ वाचून माना डोलावणाऱ्या वाचकाची जी अवस्था, तीच यांची. १९२५ साली केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, त्या पुस्तकात तत्कालीन कवींची जी टिंगल केली, तिच्यातील एकेक टोला समजण्यासाठी मूळ कवितेची नस हाती असावी लागते. ती नस अत्र्यांच्या हाती पक्की होती, कारण कवितेवर त्यांचा जीव होता. मिस्टर बी यांचेही तसेच. हा गृहस्थ उठला आणि कोट चढवून रॅपची थट्टा करू लागला असे झालेले नाही. १९९० नंतरच्या दशकात ‘कोलॅप्स्ड लंग’ नावाच्या रॅप-मंडळात तो रीतसर गात होता. त्याने ‘चॅप-हॉप हिस्टरी’ नावाने रॅपच्या प्रसिद्ध तुकड्यांची जी माळ बँजोलेलेवर गुंफली, ती त्या कलेचा इतिहास पाठ असल्यावाचून गुंफताच आली नसती. कॉम्प्टन या लॉस एंजेलिसजवळच्या होरपळलेल्या वस्तीचे नाव १९८८ साली एका रॅप-संग्रहाने जगभर नेले. त्याने त्याच धर्तीवर सरे या लंडनजवळच्या हिरव्यागार, सुखवस्तू परगण्याचे नाव घातले. विनोद कोणावर झाला? कॉम्प्टनच्या पोरांवर खास नव्हे. सरेमध्ये बसून ज्याला कशाचीच झळ लागली नाही, आणि तरीही जो मोठ्या लढाईचा आव आणून चहाच्या तापमानाबद्दल गर्जना करतो, त्या जंटलमनावर तो झाला.

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. दुसऱ्याचा वेष आणि दुसऱ्याची बोली उसनी घेण्याची चाल वाङ्मयात पुरातन आहे, आणि ती सरसकट निंद्यही नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली तेव्हा त्यांनी महाराचा, गोंधळ्याचा, वासुदेवाचा आवाज घेतला. घेणारा ब्राह्मण होता. पण त्या आवाजातून जे बोलले गेले त्याने अंग शेकले ते दांभिकांचे, कर्मठांचे, वरच्यांचे. महाराची नक्कल करून ब्राह्मणांस हसवावे, असा तो उद्योग नव्हता. तेव्हा वेष उसना घेतला की नाही हा प्रश्न दुय्यम. हशा पिकतो तो कोणाच्या अंगावर पडतो, हे पाहावे लागते. एका बाजूने पाहिले तर चॅप-हॉपही या कसोटीस उतरते, कारण साहेब स्वतःच्याच टोपीस हसतो आहे. मात्र आमचे चाहते त्यातली थट्टा खाली ठेवतात आणि टोपी तेवढी उचलून डोक्यावर घालतात.

या चाहत्यांच्या मुलाबाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या गणेशोत्सवांत काय चालते हे वाचकांनी पाहिले असेलच. कोणी तरी डॉक्टर किंवा बँकेतील अधिकारी टोपी उलटी घालून, गळ्यात पितळी साखळी अडकवून, ढगळ विजार सावरीत मंचावर येतो. हातांची बोटे वेडीवाकडी करून ‘यो यो’ म्हणतो. आणि मग सोसायटीच्या पाणीपट्टीवर चार ओळी म्हणून दाखवतो. मंडप हशाने दुमदुमतो. हा हशा पाणीपट्टीवर नसतो, डॉक्टरसाहेबांवर तर नसतोच. तो असतो त्या गैरहजर पोरावर, जो कुर्ल्याच्या किंवा पुण्यातील ताडीवाला रस्त्याच्या वस्तीत तीच टोपी थट्टा म्हणून घालीत नाही. चॅप-हॉपमध्ये वरचा स्वतःवर हसतो. आमच्याकडे वरचा खालच्याचे सोंग आणून खालच्याला हसतो. चॅप-हॉपचे नेमके उलटे टोक ते हेच! आणि ज्यांस हे टोक इतके मानवते त्यांनीच चॅप-हॉपची वाखाणणी करावी, यातील गंमत स्वतः मिस्टर बींनाही सुचली नसती.

आम्ही इगतपुरीस राहतो. साहेब नावाची वस्तू काय होती हे या गावाने पुस्तकातून शिकलेले नाही. सदतीस फुटांस एक फूट अशा उभ्या चढणीचा थळघाट चढून जी. आय. पी. कंपनीची आगगाडी १८६५ साली येथे पोचली, आणि तिच्याबरोबर साहेबही आला. त्याची कर्मशाळा आली, गोऱ्या व अँग्लो-इंडियन नोकरांचे कौलारू बंगले आले, चर्च आले, संध्याकाळचा चहा आला. ज्या सामानसुमानाला चॅप-हॉपवाले गोडगोड गीतांतून आळवतात ते सारे सामान या डोंगरावर प्रत्यक्ष नांदत होते. पण ते येथे वर चढले कसे? बोरघाट आणि थळघाट या दोन कामांवर मिळून हजारो मजूर पटकीने, तापाने आणि सुरुंगांच्या अपघातांनी मेले. बोगदे खोदणाऱ्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत. चहाचेही तेच. प्रोफेसर एलिमेंटल ज्या तपकिरी पेयाचे स्तोत्र म्हणतो त्याची पाने आसामच्या मळ्यांत करारबद्ध मजुरांनी खुडली. आणि मळेवाल्यांच्या मंडळाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थानकास्थानकांवर प्रचार करून तो चहा आमच्याही गळी उतरवला, इतका की आज त्यावाचून आमचा प्रातःकाल उगवत नाही. चॅप-हॉपच्या दिवाणखान्यात पेला दिसतो, मळा दिसत नाही. साम्राज्य वजा करून उरलेला जंटलमन म्हणजे पुरण वजा करून उरलेली पोळी. खावयास हरकत नाही, पण तिला पुरणपोळी म्हणू नये. साहेबाच्या थट्टेतही ही एवढी सोय साहेबाने स्वतःसाठी राखून ठेवली आहे, हे आमच्या विद्वान मित्रांच्या ध्यानात येऊ नये याचा आम्हांस विस्मय वाटतो. वुडहाउस वाचून वाढलेल्या पिढीला ही चूक सहज होते. आमच्या पिढीच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या कपाटात शेक्सपिअर एक वेळ नसेल, पण जीव्ह्ज हमखास असतो. त्या जीव्ह्जच्या धन्याचे पैसे कोठून येत, हे आम्ही वर्गात कधी विचारले नाही.

आता ‘रॅप ही परकी वस्तू’ या आक्षेपाकडे वळू. परकी आहे खरी. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेज्विक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमेकाहून आलेल्या क्लाइव्ह कँपबेल उर्फ डीजे कूल हर्क नावाच्या तरुणाने एका घरगुती समारंभात तबकड्या वाजवल्या, आणि हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून तोच दिवस मानला जातो. त्या लयीवर चढलेले शब्द पुढे इतके प्रौढ झाले की २०१८ साली केंड्रिक लमार या रॅपकवीस संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ही सगळी हकीगत अमेरिकेची. तेव्हा ‘रॅप आमच्या वेदांतच होते’ असे म्हणणारा जो दुसरा एक संप्रदाय आपल्याकडे आहे, त्याच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचे नाही. पण आगगाडी परकी, कादंबरी परकी, सुनीत परके, एवढेच काय बटाटाही परका. आणि उपासाला तो चालतो! परकी वस्तू येते तेव्हा ती कोणत्या मातीत पडते हे पाहणे शहाणपणाचे.

ती माती आमच्या जिल्ह्यात तरी चांगली खोल नांगरलेली होती. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या चळवळीच्या धामधुमीतून भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. तमाशाचा ढाचा तोच, ढोलकी तीच. मध्ये गद्य-पद्याची जी झटापट चाले तीत एक शंका विचारी, दुसरा उत्तर देई, शब्दावर शब्द आपटे, आणि बघता बघता मंदिराचे दार कोणास बंद व का बंद, हा प्रश्न निरक्षर माणसाच्याही ओठी येई. याच्या आधी सत्यशोधकांच्या जलशांनी भटजीला आणि कुलकर्ण्याला असेच मंचावर ओढले होते. शेजारच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीस १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक २००४ पर्यंत गावोगाव गात फिरले. त्यांची गीते ज्या वस्त्यांत पाठ आहेत त्या वस्त्यांतील नातवंडे आज रॅप म्हणतात, यात आश्चर्य कशाचे? गळा तोच आहे, ढोलकीची जागा यंत्राने घेतली इतकेच. ही परंपरा आमच्या वाङ्मयेतिहासांच्या तळटीपांत कोठे तरी सापडते. पाठ्यपुस्तकांत ती यावयास किती वर्षे लागली, याचा हिशेब आमच्या व्यवसायबंधूंनीच करावा.

मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळाने आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह वारल्यांचे गाऱ्हाणे रॅपमध्ये मांडले, आणि ज्या झाडांविषयी ते गाऱ्हाणे होते त्यांतील हजारो झाडे ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात तोडली गेली. महादेव कोळी समाजातील एक तरुणी ‘माही जी’ या नावाने गाते. ‘जंगलचा राजा’ हे तिचे रॅप आदिवासींच्या जिण्याविषयी आहे, आणि कचरा वेचणाऱ्यांविषयीही तिने रॅप केले आहे. आमच्या खिडकीतून कळसूबाईच्या बाजूची जी डोंगररांग दिसते तिच्या दोन्ही अंगांस महादेव कोळ्यांची गावे पसरली आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची सभ्य मंडळी बंगले भाड्याने घेऊन त्या डोंगरांची शोभा पाहावयास येतात, आणि रात्री दोन वाजेपर्यंत त्यांच्या कर्ण्यांतून जे वाजते त्याला शुद्ध किंवा निरुपद्रवी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण त्या डोंगरातल्या माणसाने स्वतःविषयी दोन शब्द लयीत उच्चारले की ते मात्र असंस्कृत ठरतात. चॅपला स्त्रीलिंग नाही, हेही जाता जाता ध्यानात घ्यावे. जंटलमनाच्या क्लबाच्या दारावर बायांना मज्जाव असे; ब्राँक्सच्या त्या घरगुती समारंभाची मूळ योजना मात्र हर्कच्या बहिणीची होती, तिला शाळेसाठी कपडे घ्यावयाचे होते म्हणून.

शिव्यांचे काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे. रॅपमध्ये शिव्या आहेत, बाईला वस्तू समजणारी भाषा आहे, पैशाचा नि पिस्तुलाचा हिडीस तोरा आहे, पुण्याच्या एम. सी. स्टॅनपासून अमेरिकेच्या कोट्यधीशांपर्यंत अनेकांच्या गीतांत यातील काही ना काही सापडेल. त्याची भलावण आम्ही करणार नाही. आईबहिणींच्या नावाने जी शिवी दिली जाते तिने कोणत्याही जुलमाचे कधी वाकडे झालेले नाही. ती मारलेली असते एकीकडे आणि लागते भलतीचकडे, म्हणजे ज्यांचा काही अपराध नाही अशा बायांस. एवढे बोलून झाल्यावर दुसरी बाजूही सांगतो. तुकोबांच्या गाथेत दांभिकांसाठी जे शब्द योजले आहेत ते आमच्या सभ्य रॅपच्या चाहत्यांनी एकदा आपल्या दिवाणखान्यात मोठ्याने वाचून पाहावे. तेथे ‘संतांचा सात्त्विक संताप’ असे म्हणून मान डोलावावयाची आणि येथे नाक मुरडावयाचे, असा दुजाभाव रसिकाला शोभत नाही. शिवी कोणास दिली, कशासाठी दिली, तिच्या मागे सोसलेले काही आहे की नुसती उसनी ऐट आहे, असा निवाडा शब्दागणिक करावा लागतो. समीक्षक म्हणतात तो याच कामाला. हे काम कष्टाचे. आणि ‘सभ्य’ व ‘असभ्य’ अशी दोन पोती भरून ठेवली म्हणजे ते टाळता येते.

धुऊन वाळवण्याच्या या हौसेचा परिणाम काय होतो हेही आपण पाहिलेले आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली. ती पुढे उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट तिच्या जागी बसली. हेतू चांगला होता असे म्हणतात. झाले असे की उत्स्फूर्त सवाल-जवाबाचा, त्या दिवशीच्या त्या गावच्या पाटलावर तिथल्या तिथे केलेल्या कोटीचा, म्हणजे तमाशाचा जो प्राण त्यालाच अगोदर परवाना काढावा लागू लागला. लावणीची चोळी-नऊवारी पुढे चित्रपटांत आणि दूरदर्शनवर येऊन झळकली, तिचे कौतुकही उदंड झाले. फडावरच्या बाईच्या पोटापाण्याची विचारपूस करावयास मात्र त्यातील फार थोडे प्रेक्षक गेले. रॅपच्या बाबतीत या कथेची पहिली दोन प्रकरणे सुरू झालेली आम्हांस दिसतात. मतदान करा, कचरा वेगळा करा, शिरस्त्राण घाला, विमा उतरवा, या साऱ्या सदुपदेशांचे रॅप निघालेले आहेत. सरकारास, कंपन्यांस आणि शाळांस लय हवी, ठेका हवा, तरुणांचे कान हवेत. त्या ठेक्यावर ज्याने पहिल्यांदा आपले दुखणे सांगितले तो मात्र नको.

तो नको म्हणजे किती नको? एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपगायकांवर सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या त्यांच्या गीतांबद्दल पोलिसांत गुन्हे दाखल झाले. ती गीते काव्य म्हणून पहिल्या प्रतीची आहेत की तिसऱ्या, हा वाद घालावयास आम्ही तयार आहोत. किंबहुना तो घातला जावा अशीच आमची इच्छा आहे. परंतु त्या महिन्यात आमच्या वर्गातून जे उद्गार ऐकू आले त्यांत काव्याचा विचार नव्हता. ‘भाषा जरा सांभाळून वापरावयास हवी होती,’ एवढेच बहुतेक बोलले. भाषा सांभाळणे म्हणजे काय, ते चॅप-हॉपच्या उदाहरणाने समजते. चहाविषयी गाणाऱ्याच्या दारात पोलीस येत नाही. आला तर तोही एक पेला घेऊन जाईल. हे चॅप-हॉपचे दूषण नव्हे. त्याने ते ओझे उचलण्याचा दावा कधी केला नाही. पण ज्या कलेत पोलिसाचे भय नाही ती आदर्श, आणि जिच्यात आहे ती बिघडलेली, असा न्याय लावावयाचा झाल्यास टिळकांच्या अग्रलेखांपासून अण्णाभाऊंच्या शाहिरीपर्यंत सगळेच बिघडलेले ठरेल, आणि आमच्या अभिमानाच्या कपाटात शिल्लक राहतील ती पाककृतींची पुस्तके.

मराठीत चॅप-हॉप असूच नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. उलट ते अवश्य असावे, आणि खऱ्या अर्थाचे असावे. त्याची पूर्वतयारी आमच्या वाङ्मयात उत्तम झालेली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांच्या मुखाने आपल्याच वर्गाचे सोवळे धुऊन काढले. गडकऱ्यांच्या बाळकरामाने तोच वसा घेतला. पाली भाषेचे प्राध्यापक चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाच्या रूपाने मध्यमवर्गीय भित्रेपणाचे जे चित्र काढले त्यात आजही आपल्या घरातील निदान दोन माणसे ओळखू येतात. ही माणसे वर बसून स्वतःकडे पाहून हसली, आणि त्या हसण्यात डंख होता. त्यांच्या गादीवर आज कोणी बसलेला आम्हांस दिसत नाही. तेव्हा आमच्या विद्वान मित्रांनी ढगळ विजार आणि पितळी साखळी त्यांच्या मालकांस परत करावी, आणि आपल्या आजोबांचा पोशाख चढवून मंचावर यावे: लाल पगडी, उपरणे, लांब कोट, हातात छत्री. ठेका कोणताही चालेल. विषयांची ददात नाही. ‘आम्ही जात मानीत नाही’ असे म्हणत स्थळाच्या जाहिरातीत पोटजात घालणे हा एक विषय. घरात मराठीचा अभिमान आणि नातवाच्या शाळेत मराठीचा अर्धा तास, हा दुसरा. मोलकरणीचा कप वेगळा ठेवून तिच्यासमोर समतेवरची व्याख्याने ऐकणे आहे, निवृत्तिवेतनाची वाढ आणि त्याच सकाळी ‘फुकटेपणा’वर संपादकांस पत्र आहे, जमिनीचे भाव वाढावेत म्हणून डोंगर फोडणाऱ्या रस्त्याचे स्वागत आणि त्याच डोंगरावर निसर्गकविता आहेत, ज्यांतील काही, सांगावयास संकोच वाटतो, या इगतपुरीविषयीच्या आहेत. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर तर चांगला तासभर रॅप होईल, आणि त्यास प्रत्युत्तर देणारा दुसरा प्रोफेसरही लगेच उभा राहील.

यात भीती एकच. असा रॅप कोणी मन लावून म्हटला तर सोसायटीच्या गणेशोत्सवात त्याला दुसऱ्या वर्षी बोलावतील की नाही याची शंका आहे. पण पोशाखाची अडचण पडू नये. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे पगडी अजून मिळते.